डेटा संरक्षणाचा कायदा आला, पण तक्रार घेऊन जायचं कुठे?

मृण्मयी_वारजे

नमस्कार मंडळी.

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत मी डेटा कम्प्लायन्सचं काम बघते. आमचे बहुतेक क्लायंट युरोपातले. त्यांच्या लोकांची माहिती ज्या मजल्यावर हाताळली जाते तिथे मोबाईल लॉकरमध्ये ठेवूनच आत जायचं, वही-पेनही न्यायचं नाही, कॉम्प्युटरचे यूएसबी पोर्ट बंद. कुणाकडून एखाद्याचं नाव-पत्ता भलत्याच मेलवर गेलं, तर त्याच दिवशी क्लायंटला लेखी कळवावं लागतं. हे सगळं आपलीच पोरं करतात आणि चोख करतात.

तीच पोरं संध्याकाळी घरी येतात तेव्हा सोसायटीच्या गेटवर नाव, फ्लॅट नंबर आणि मोबाईल लिहिलेलं रजिस्टर कुणीही चाळावं असं उघडं पडलेलं असतं. भाडेकरारासाठी आधार, पॅन आणि फोटो एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेले असतात, आणि तो ते पुढे कुणाकुणाला पाठवतो हे त्यालाही धड सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात कर्वेनगरला भेळ घेतली, तर पुड्याचा कागद म्हणजे कुणाच्या तरी गृहकर्जाच्या अर्जाचं पान. अर्जदाराचं नाव, नोकरी कुठे, पगार किती, जामीनदार म्हणून सासऱ्यांचं नाव आणि पूर्ण पत्ता. मी तो कागद घरी आणून फाडून टाकला, पण गठ्ठ्यातली बाकीची पानं तिथेच राहिली.

माणसं तीच, शहर तेच. युरोपच्या डेटाबाबत चुकलं तर जाब विचारणारं कुणीतरी आहे. आपल्या माहितीबाबत अजून तसं कुणी नाही.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. डेटा संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, २०१९ चं विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्यातही कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायची ती अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. निकालापासून धरलं तर जवळपास दहा वर्षं.

आपल्याकडे या विषयावर बोलताना सगळे युरोपचा दाखला देतात. युरोपकडे पैसा आहे, माणसं आहेत, काही पिढ्यांची सवय आहे. आपण शिकायचं तर केनिया, नायजेरिया, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया यांच्याकडून. तिथेही खात्यात माणसं कमी असतात आणि कोर्टात वर्षानुवर्षं जातात. तिथे हे कायदे प्रत्यक्षात कसे राबवतात यावर मराठीत फार थोडं वाचायला मिळतं. ज्यांनी काही जवळून पाहिलं असेल त्यांनी जरूर लिहा.

कोर्टाची_पायरी

मृण्मयीताई, चांगला धागा. शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो, अशी प्रकरणं अधूनमधून येतात म्हणून लिहितो.

नव्या कायद्यात दंडाचा आकडा मोठा आहे. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर २५० कोटींपर्यंत, माहिती फुटली आणि कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. वर्तमानपत्रांनी हेच आकडे मथळ्यात छापले. पण कलम ३४ वाचा: दंडाची सगळी रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात एक रुपयाही पडत नाही.

जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३अ होतं, अजूनही आहे. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे तुमची संवेदनशील माहिती फुटून नुकसान झालं तर भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचा दावा असेल तर कोर्टात जावं लागत नाही. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात, त्यांच्याकडे मंत्रालयात अर्ज करायचा. नव्या कायद्यानं हे ४३अ रद्द होणार आहे, पण ती तरतूदही मे २०२७ लाच अमलात येते. तोवर ते जिवंत आहे, आणि ही गोष्ट बऱ्याच वकिलांच्याही लक्षात नाही.

आणि हे नुसतं पुस्तकातलं कलम नाही. २०१३ मध्ये पुण्यातल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीच्या खात्यातून फसव्या ईमेलमार्फत ऐंशी लाखांवर रक्कम गेली होती. कंपनीच्या प्रमुखांनी त्या ईमेलला उत्तर दिलं होतं, तरीही ज्या खात्यांत पैसे वळवले गेले ती उघडताना बँकेनं पुरेशी खातरजमा केली नाही असं ठरलं, आणि बँकेला ४५ लाख देण्याचा आदेश झाला. दिल्लीला न जाता, राज्याच्याच सचिवांपुढे.

हडपसरी

वाचतोय. एक शंका. फ्लॅटच्या दस्ताची नोंदणी झाली त्याच आठवड्यात इंटिरियरवाले, मॉड्युलर किचनवाले, ग्रिलवाले, सगळ्यांचे फोन सुरू. नाव, इमारत, मजला सगळं त्यांना माहीत. याची तक्रार ४३अ खाली करता येईल का?

कोर्टाची_पायरी

@हडपसरी, दुर्दैवानं नाही. २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी आहे: पासवर्ड, बँक आणि कार्डाचे तपशील, आरोग्याची माहिती, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक वगैरे. नुसतं नाव आणि मोबाईल नंबर त्यात बसत नाही. नव्या कायद्यात बसतं, पण तो लागू व्हायला वेळ आहे. तोपर्यंत त्या फोनांची १९०९ वर तक्रार नोंदवत राहा, आणि दुकानदार बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुकानांनी अशी सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये लेखी कळवलं आहे.

नैरोबीहून_बाणेर

केनियाचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो. नोकरीनिमित्त काही वर्षं नैरोबीत होतो, आता बाणेरला स्थायिक.

केनियाचा कायदा नोव्हेंबर २०१९ चा. वर्षभरात, २०२० च्या नोव्हेंबरात, पहिल्या डेटा कमिशनर इमॅक्युलेट कसाइत यांनी पदभार घेतला. कार्यालय लहान, बजेट तुटपुंजं. पण कायद्यातच लिहिलंय की तक्रार आली की ९० दिवसांत चौकशी पुरी करायची. त्या एका वाक्यानं फार फरक पडतो. अधिकाऱ्याला फाईल दाबून बसता येत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी एकदम तीन दंड जाहीर केले. कर्ज देणारी दोन अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला २९ लाख ७५ हजार शिलिंग, कारण वसुलीसाठी भलत्याच लोकांना फोन-मेसेज. एका रेस्टॉरंटला १८ लाख ५० हजार, कारण गिऱ्हाईकाचा फोटो न विचारता सोशल मीडियावर टाकला. आणि एका शाळेला ४५ लाख ५० हजार, कारण पालकांची परवानगी न घेता मुलांचे फोटो टाकले. आपल्या रुपयांत शाळेचा दंड तेव्हा पंचवीस-सव्वीस लाखांच्या आसपास होतो.

तुम्ही म्हणाल, २५० कोटींपुढे हे किरकोळ. तिथे राहून मी त्याचा परिणाम पाहिला आहे. माझ्या पुतण्याच्या शाळेनं लगेच पालकांना फॉर्म पाठवला: मुलाचा फोटो वेबसाइटवर टाकू का, वार्षिकांकात छापू का, दोन्हींचं वेगवेगळं उत्तर द्या. हॉटेलांत बोर्ड लागले. कारण दंड नावानिशी जाहीर झाला होता, आणि दंड झालेली मंडळी रोजच्या बघण्यातली होती. एखाद्या परदेशी महाकंपनीला दंड झाला असता तर कोपऱ्यावरच्या शाळेला त्याचं काय?

भरपाईबद्दल वकीलसाहेबांनी लिहिलंय ते फार महत्त्वाचं. केनियात कमिशनरला थेट भरपाई द्यायला लावता येते. कुणाचा फोटो न विचारता जाहिरातीत वापरला म्हणून लाखांत शिलिंग देववले आहेत. त्यामुळे लोक तक्रार करतात. नाहीतर कोण आपला वेळ घालवेल?

मृण्मयी_वारजे

@नैरोबीहून_बाणेर, अगदी हेच हवं होतं. कर्जाच्या अ‍ॅपचं तर आपल्याकडेही तेच. फोनमधले सगळे नंबर उचलायचे आणि हप्ता चुकला की मामाला, ऑफिसातल्या बॉसला, शेजारणीला मेसेज. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला या छळापायी घरं बदलावी लागली. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं की कर्जाच्या अ‍ॅपनं फोनमधले नंबर, फाइल्स, कॉलची यादी यांना हातच लावायचा नाही. पण जी अ‍ॅप रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतल्या कुठल्याच कंपनीशी जोडलेली नाहीत, त्यांचं काय? तिथे शेवटी पोलीस, आणि पोलिसांना गुन्हा हवा असतो, नुसती फुटलेली माहिती पुरत नाही.

डॉक्टर_सहकारनगर

धागा मनापासून वाचला. माझा एकट्याचा दवाखाना आहे, मदतीला एक रिसेप्शनिस्ट. माझी बाजूही ऐकून घ्या.

पेशंट स्वतःहून रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मी उत्तर दिलं नाही तर रागावतात. लॅब मला मेल करते, मी तो हृदयरोगतज्ज्ञांना फॉरवर्ड करतो, तिथे त्यांचा असिस्टंट उघडतो. यातलं काय नियमात बसतं आणि काय नाही, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही. मोठ्या हॉस्पिटलकडे कायदा विभाग असतो. माझ्यासारख्यावर केनियातल्या त्या शाळेइतका दंड बसला तर मला दवाखाना बंद करावा लागेल. त्यात पेशंटचं काय भलं होणार?

आधी समज, मग मुदत, आणि तरीही सुधारणा नाही केली तर दंड, असा क्रम हवा. नाहीतर उद्या एखादा इन्स्पेक्टर दारात येऊन उभा राहील आणि व्हायचं तेच होईल.

पर्वतीकर

डॉक्टरसाहेबांच्या मुद्द्याला धरून ब्राझीलचं उदाहरण देतो. मी तिथे गेलेलो नाही, पण हा विषय बरीच वर्षं वाचतो आहे.

ब्राझीलचा कायदा २०१८ चा, लागू २०२० मध्ये, दंडाची कलमं ऑगस्ट २०२१ पासून. पहिला दंड झाला जुलै २०२३ मध्ये, आणि तो सगळा मिळून १४,४०० रेआल, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या आत. कंपनी अगदी छोटी होती. तिचा धंदा काय? एका गावातल्या मतदारांचे व्हॉट्सअ‍ॅप नंबर निवडणुकीतल्या उमेदवारांना प्रचारासाठी विकायला काढायचे. उलाढालीच्या दोन टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे दंड लहान राहिला. म्हणजे डॉक्टर, उलाढालीशी बांधलेला दंड असेल तर छोटा माणूस बुडत नाही आणि सुटतही नाही.

आता आपल्या महापालिका निवडणुकीत काय झालं आठवा. पर्वतीत माझ्या घरी चारही मतांचे मेसेज वेगवेगळ्या उमेदवारांकडून आले, प्रत्येकाचं नाव, यादी क्रमांक, खोली क्रमांक आणि खाली उमेदवाराचा फोटो. प्रसिद्ध होणाऱ्या मतदार यादीत मोबाईल नंबर नसतो. मग माझ्या ऐंशी वर्षांच्या आईचा नंबर तिच्या यादी क्रमांकाशी जोडला कुणी? तिचा नंबर गॅस एजन्सीकडे आहे, बँकेकडे आहे आणि मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर आहे. उमेदवाराच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "काका, अ‍ॅपवाल्यांनी तयारच दिलंय." त्या अ‍ॅपवाल्यांचं नाव मात्र सांगायला तयार नाही.

फिलिपिन्समध्ये २०१६ साली निवडणूक आयोगाच्याच वेबसाइटवरून साडेपाच कोटी मतदारांची माहिती फुटली. त्यांचा गोपनीयता आयोग तेव्हा नुकताच स्थापन झालेला. तरी त्यानं निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांवर फौजदारी कारवाईची शिफारस केली. नवीन, लहान, हाताखाली माणसं नसलेली संस्था, पण बोट ठेवलं ते थेट वरच्या माणसावर.

माहितीचा_अर्जदार

सरकारवर बोट ठेवण्याचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो. पुण्यात बरीच वर्षं माहिती अधिकारात काम करतोय.

नव्या कायद्याची कंपन्यांवरची बंधनं मे २०२७ ला लागू होणार, पण त्याच कायद्यातलं कलम ४४(३) नोव्हेंबर २०२५ मध्येच अमलात आलं. त्यानं माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी असं होतं: वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्यानं खासगीपणावर अनाठायी आक्रमण होत असेल, तर नाकारता येते, आणि व्यापक जनहित असेल तर तरीही द्यायची. शिवाय, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, अशी पुस्ती होती. आता उरलं इतकंच: वैयक्तिक माहिती असेल तर नाकारता येईल.

याचा अर्थ गल्लीत काय होतो? रस्त्याच्या ठेक्यात कामगारांची हजेरी मागितली की उत्तर येतं, वैयक्तिक माहिती. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मागितली, वैयक्तिक माहिती. अधिकाऱ्याची जात पडताळणी, शिक्षण, चौकशीचा निकाल, सगळ्याला एकच शिक्का. बोगस लाभार्थी पकडले जातात ते नावांवरूनच. नाव झाकलं की चोरी झाकली. कलम ८(२) मध्ये जनहिताची वाट अजून शिल्लक आहे, अपील लिहिताना त्याच कलमावर भर द्या, हे सगळ्या अर्जदारांना सांगतो.

नागरिकाला द्यायचं संरक्षण अठरा महिने लांबवायचं आणि अधिकाऱ्याला द्यायचं लगेच अमलात आणायचं, हा क्रम मला मान्य नाही आणि तो मी प्रत्येक व्यासपीठावर बोलून दाखवणार.

दक्षिण आफ्रिकेत माहिती देणं आणि माहिती राखणं ही दोन्ही कामं एकाच नियामकाकडे आहेत, आणि तो उत्तरदायी आहे त्यांच्या संसदेला, मंत्र्याला नाही. २०२१ च्या सप्टेंबरात तिथल्या न्याय खात्यावर सायबर हल्ला झाला. चौकशीत निघालं की अँटिव्हायरसचं आणि घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालीचं लायसन्स २०२० मध्येच संपलं होतं, कुणी नूतनीकरणच केलं नव्हतं. नियामकानं नोटीस काढली, ३१ दिवसांची मुदत दिली. खात्यानं पाळली नाही. जुलै २०२३ मध्ये पन्नास लाख रँडचा दंड ठोकला, आपले सव्वादोन कोटींच्या आसपास. सरकारी खात्याला! तेही न्याय खात्याला! आपल्याकडे नव्या कायद्याखाली तक्रारी ऐकणार आहे ते डेटा संरक्षण मंडळ, त्याचे सदस्य निवडणारी समिती केंद्राच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालची, नेमणूक केंद्राची, आणि कलम १७ खाली केंद्र स्वतःच्या कुठल्याही संस्थेला कायद्यातून सूट देऊ शकतं. अशा मंडळानं उद्या केंद्राच्या एखाद्या खात्याला नोटीस काढावी ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

नैरोबीहून_बाणेर

@माहितीचा_अर्जदार, पूर्ण सहमत. एक भर घालतो. केनियात सरकारला रोखलं ते कमिशनरपेक्षा कोर्टानं जास्त. हुडुमा नंबा म्हणून त्यांची ओळख क्रमांकाची योजना होती. डेटाच्या धोक्याचं मूल्यांकन न करताच ती राबवली म्हणून हायकोर्टानं ऑक्टोबर २०२१ मध्ये बेकायदा ठरवली. आणि वर्ल्डकॉइन, ते डोळ्यांचं स्कॅनिंग करून पैसे देणारं प्रकरण, तिथे मॉलमध्ये रांगा लागलेल्या. सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये थांबवलं, आणि मे २०२५ मध्ये हायकोर्टानं गोळा केलेला बायोमेट्रिक डेटा पुसून टाकायचा आदेश दिला. नियामक लहान असला तरी मागे कोर्ट उभं असेल तर चालतं.

मृण्मयी_वारजे

नायजेरिया राहिला. माझ्या कामाशी संबंध आल्यामुळे तिथलं थोडं जवळून माहीत आहे.

त्यांनी स्वतंत्र कायदा होण्याआधीच, २०१९ च्या नियमावलीखाली, वेगळी युक्ती काढली. वर्षाला दोन हजारांहून जास्त लोकांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक संस्थेनं दरवर्षी ऑडिट करून अहवाल दाखल करायचा, आणि ते ऑडिट नियामकानं परवाना दिलेल्या खासगी संस्थांकडून. सरकारकडे माणसं नाहीत, तर बाजारातून उभी करा. यातून तिथे हजारो तरुणांना या क्षेत्रात काम मिळालं. पण ऑडिटरचे पैसे ज्याचं ऑडिट त्यानंच द्यायचे, तेव्हा अहवालात काय येतं हे सहकारी बँकांचं ऑडिट पाहिलेल्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मला ही पद्धत एकटी पुरेशी वाटत नाही.

२०२३ च्या जूनमध्ये त्यांचा कायदा झाला आणि मग मोठे दंड आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या बँकेला साडेपंचावन्न कोटी नायरांहून जास्त. त्याआधी जुलैमध्ये मेटाला, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, बावीस कोटी डॉलर, आणि तो दंड ठोकला ग्राहक संरक्षण आणि स्पर्धा आयोगानं. लवादानं तो २०२५ च्या एप्रिलमध्ये कायम केला. आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या धोरणावर दंड केला तो स्पर्धा आयोगानंच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, २१३ कोटींचा. डेटाचं मंडळ अस्तित्वात नसतानाही दुसऱ्या कायद्याच्या दारानं आत जाता येतं, हे दोन्हीकडे दिसलं.

इंडोनेशियाचं मात्र वाईट वाटतं. कायदा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला, दोन वर्षांची मुदत दिली, मुदत संपली तरी तो राबवणारी संस्थाच उभी राहिली नव्हती. मधल्या काळात, जून २०२४ मध्ये, त्यांच्या राष्ट्रीय डेटा केंद्रावर खंडणीखोरांचा हल्ला झाला, दोनशेहून जास्त सरकारी सेवा कोलमडल्या, विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगा लागल्या, आणि बहुतेक माहितीचा बॅकअपच नव्हता. पुस्तकात कायदा असणं आणि फोन उचलणारं कुणी असणं यांतलं अंतर एवढं मोठं असतं.

हडपसरी

मंडळी, वाचता वाचता एक गोष्ट आठवली, ती मांडतो. आईची रक्त तपासणी केली. लॅबनं एसएमएसवर रिपोर्टची लिंक पाठवली. लिंकच्या शेवटी एक मोठा आकडा. मुलीनं टाइप करताना शेवटचा अंक चुकवला, तर दुसऱ्याच बाईंचा रिपोर्ट उघडला! नाव, वय, मोबाईल, थायरॉइड, साखर, सगळं. ना पासवर्ड, ना ओटीपी. लॅबला फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, तुमचा रिपोर्ट मिळाला ना?" हा तर आरोग्याचा डेटा. यात ४३अ चालेल?

डॉक्टर_सहकारनगर

हे भयंकर आहे. यात एचआयव्हीचे, गर्भारपणाचे रिपोर्टही असणार. लग्न मोडतील, नोकऱ्या जातील. अशा लॅबला समज वगैरे नको, माझं वरचं म्हणणं इथे लागू नाही.

कोर्टाची_पायरी

@हडपसरी, आधी महत्त्वाचं: खात्री करायला म्हणून आणखी आकडे बदलून पाहू नका, आणि त्या बाईंच्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रणालीत शिरल्याचा ठपका माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुमच्यावरच येऊ शकतो. जे घडलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

लॅबच्या व्यवस्थापकाला आणि तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. २०११ च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमून त्याचं नाव वेबसाइटवर द्यावं लागतं आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवावी लागते. त्याच ईमेलची प्रत सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला, पाठवा, प्रणालीतल्या अशा त्रुटींची माहिती ते घेतात.

४३अ बद्दल: संवेदनशील माहिती आहे, निष्काळजीपणा उघड आहे, पण भरपाईसाठी नुकसान दाखवावं लागतं. तुमच्या आईचा रिपोर्ट कुणी पाहिला आणि त्यातून काय नुकसान झालं, हे आज सांगता येत नाही. इथेच जुना कायदा तोकडा पडतो आणि नवा सरस ठरतो, कारण नव्यात नुसता सुरक्षेचा अभाव दंडाला पुरेसा आहे. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं आणि मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा, हेही त्यात आहे. डॉक्टर, तुमच्यासाठी: २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, दंड ठरवताना चूक किती गंभीर, किती वेळा झाली, निस्तरायला काय केलं हे मंडळानं पाहायचं आहे. मंडळाला स्वतःहून हमी देण्याचीही सोय आहे.

मला नव्या कायद्यात खटकतं ते वेगळंच. आधी कंपनीकडे तक्रार, तिला उत्तराला ९० दिवसांपर्यंत मुदत. मग मंडळाकडे, तिथे चौकशीला सहा महिने, तेही वाढवता येतात. मग अपील दूरसंचार लवादाकडे. दिवाणी कोर्टाचं दार बंद. तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड. आणि हे सगळं करून जिंकलात तरी पैसे सरकारजमा. केनियाच्या कायद्यातून दोनच गोष्टी उचलल्या असत्या, ९० दिवसांत निकाल आणि पीडिताला भरपाई, तर सामान्य माणूस या वाटेला गेला असता.

पर्वतीकर

वकीलसाहेब, या दोन सुधारणांचं निवेदन आपण आपल्या खासदारांना देऊ शकतो. मसुदा तुम्ही करून दिलात तर सह्या गोळा करायचं माझ्याकडे लागलं.

माहितीचा_अर्जदार

८(१)(ञ) पूर्ववत करण्याची मागणीही त्यात घाला. आणि माझ्याकडून एक: राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाकडे मी अर्ज टाकतो, की न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे गेल्या पाच वर्षांत ४३अ खाली किती अर्ज आले, किती निकाली निघाले आणि सरासरी किती दिवस लागले. नियमांप्रमाणे चार ते सहा महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. उत्तर आलं की याच धाग्यावर टाकतो. नुसते आकडे मागतोय, नावं नाहीत, तेव्हा वैयक्तिक माहितीचं कारण देता येणार नाही.

हडपसरी

लॅबला आणि सर्ट-इनला ईमेल पाठवली. वकीलसाहेब, तुमचे आभार. त्या थायरॉइडवाल्या बाईंना कळवावं का? मुलीला त्यांचं नाव आठवतंय.

कोर्टाची_पायरी

तुम्ही नका कळवू. ते काम लॅबचं आहे, आणि तुमच्या पुढच्या ईमेलमध्ये हेच विचारा: ज्यांचे रिपोर्ट असे उघडे होते त्या सगळ्यांना तुम्ही कधी आणि कसं कळवणार आहात? उत्तराची तारीख मागा.

मृण्मयी_वारजे

त्या ईमेलचा नमुना मी तयार करते, लॅबसाठी एक, सोसायटीच्या कमिटीसाठी एक, भाडेकराराच्या एजंटसाठी एक. डॉक्टर, छोट्या दवाखान्यासाठी काय पाळायचं याचं एक पान मी आणि वकीलसाहेब मिळून लिहितो, तुम्ही ते वाचून व्यवहारात बसतंय का ते सांगा. रविवारपर्यंत इथे टाकते.

डॉक्टर_सहकारनगर

जरूर. मराठीतच लिहा, रिसेप्शनिस्टला वाचायला देणार आहे.